एफएसएचडीच्या नवीन औषधाची ट्रायल: प्लासिबो मिळू शकतो हे माहीत असून जावं का?

चांदणवेल

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, लिहितेय पहिल्यांदाच. मला एफएसएचडी आहे, म्हणजे फेशिओस्कॅप्युलोह्युमरल मस्क्युलर डिस्ट्रॉफी, वय ३६. कॉलेजात असताना खांद्यामागची हाडं बाहेर यायला लागली आणि हात डोक्याच्या वर जाईनासा झाला, तेव्हापासूनचं आहे हे, पण जेनेटिक टेस्ट होऊन नाव कळायला फार उशीर झाला. सध्या चालते, उजवा पंजा लोंबतो म्हणून स्प्लिंट घालते, जिना कठडा धरून चढते, झोपेत डोळे पूर्ण मिटत नाहीत. वडिलांना होता हा आजार, मोठ्या भावाला आहे, तो आता व्हीलचेअरवर असतो.

तर मुद्दा असा की आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी मागच्या व्हिजिटला विचारलं, एका नवीन औषधाची ट्रायल सुरू होतेय, या आजारात स्नायूंच्या पेशी मारणारं डीयूएक्स४ नावाचं प्रोटीन बनणं कमी करणारं औषध आहे, शिरेतून देतात, तुम्ही निकषात बसाल असं वाटतंय, घरी बोलून सांगा. अँटीबॉडीला जोडलेलं सायआरएनए (जीनचा प्रोटीन बनवायचा निरोप तोडणारा छोटा तुकडा) असं काहीतरी लिहिलंय कागदात. कन्सेंटचा गठ्ठा घरी आणलाय, वाचला, पण जितकं वाचते तितके प्रश्न वाढतायत. अर्ध्या लोकांना प्लासिबो मिळणार, म्हणजे दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं, वर्षाहून जास्त चालणार, तेवढ्या काळात माझे स्नायू गेले आणि मला नुसतं सलाईनच मिळत होतं असं निघालं तर? बायोप्सी घेणार म्हणतात, आधीच स्नायू कमी त्यात अजून तुकडा काढायचा? लॉसमापिमॉड या एफएसएचडीसाठी तपासलेल्या आधीच्या गोळीच्या वेळी मी किती आशेवर होते आणि मग ते फेल झालं, मग हे तरी चालेल कशावरून? आणि अजून एक, आम्हाला मूल हवंय, या वर्षी विचार चालू होता, आणि कागदात लिहिलंय की ट्रायलभर गर्भनिरोधक वापरायचं. नवरा म्हणतो तुझा निर्णय तू घे मी सोबत आहे, आई म्हणते माझ्या लेकीवर प्रयोग नकोत. आईला काय उत्तर देऊ तेही कळत नाही. कोणी गेलं असेल अशा ट्रायलमध्ये तर मोकळेपणाने सांगा प्लीज.

रानवाट

ताई, मी पण एफएसएचडीवाला, आणि लॉसमापिमॉडच्या शेवटच्या मोठ्या ट्रायलमध्ये होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या औषधाचं. लॉसमापिमॉड काही आपल्यासाठी बनवलेलं नव्हतं, आधी ते हार्ट अटॅक आलेल्या लोकांवर तपासलं होतं, साडेतीन हजार पेशंटची ट्रायल झाली होती आणि तिथे फायदा दिसला नव्हता, पण त्यातून गोळी माणसाला साधारण किती सोसते हे कळलेलं होतं. मग लॅबमध्ये दिसलं की ते स्नायूंच्या पेशींमध्ये डीयूएक्स४ कमी करतं. पहिल्यांदा ८० जणांवर ट्रायल झाली, ४८ आठवडे. तिच्यात मुख्य मोजमाप होतं बायोप्सीतल्या डीयूएक्स४च्या खुणांचं, आणि तिथे फरक दिसला नाही. पण हात किती लांबवर पोचतो त्याचं मोजमाप आणि एमआरआयमधली चरबी, यात औषधवाले बरे दिसले. म्हणून मग २६० जणांची फेज ३, म्हणजे मंजुरीआधीची मोठी ट्रायल झाली, त्यात हाताची पोच हेच मुख्य मोजमाप ठेवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल आला, औषधवाले आणि प्लासिबोवाले जवळपास सारखेच निघाले. दोन्ही गट थोडे थोडे सुधारलेले. प्लासिबोवाले खाली जातील असा अंदाज होता आणि ते गेलेच नाहीत.

आता माझं स्वतःचं सांगतो. गोळ्या सुरू झाल्यावर सुरुवातीचे काही महिने मला खरंच हलकं वाटत होतं, हात वर जातोय, दमत कमी आहे, घरच्यांनाही सांगितलं होतं. निकाल वाचल्यावर मला कळलं की माझ्या त्या वाटण्यावरून औषधाबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. दोन दिवस कुणाशी बोललो नाही मी. पण म्हणूनच प्लासिबो गट लागतो ताई, कारण नवीन काहीतरी मिळतंय म्हटल्यावर आपण जास्त हलतो, जास्त उत्साहाने टेस्ट देतो, झोप सुधारते, सगळंच. तो गट नसता तर आज आपण सगळे एक निरुपयोगी गोळी वर्षानुवर्षं घेत बसलो असतो आणि खऱ्या औषधाचा शोध तिथेच थांबला असता.

तुमचा पहिला प्रश्न, त्या वर्षात स्नायू गेले तर. जे जायचे असतील ते तसेही जातील, ट्रायलमध्ये नसलात तरी. बाजारात डीयूएक्स४ थांबवणारं औषध आज नाहीच, त्यामुळे प्लासिबोवर असणं म्हणजे उपलब्ध उपचार सोडून देणं असं होत नाही. गमावता तुम्ही वेळ, प्रवासाची ताकद, सुट्ट्या. ती किंमत छोटी नाही, ती नीट मोजा. आणि बऱ्याच ट्रायलमध्ये शेवटी सगळ्यांना खरं औषध देणारा पुढचा टप्पा असतो, ओपन लेबल एक्स्टेन्शन म्हणतात, तो तुमच्या कागदात आहे का बघा.

अनघा_फिजिओ

मी न्यूरोमस्क्युलर ट्रायल्समध्ये मोजमापं घ्यायचं काम करते, त्या बाजूने सांगते.

ज्याला हाताची पोच म्हटलंय वर, त्यात पेशंटला खुर्चीत बसवतात, समोर खोली मोजणारा कॅमेरा असतो, आणि हात वर, बाजूला, समोर, तिरका असा ठरलेल्या क्रमाने फिरवायचा असतो. कॉम्प्युटर त्यावरून काढतो की शरीरासमोरच्या जागेपैकी किती भागापर्यंत हात जातो. कधी हातात छोटं वजन देऊनही करतात. याशिवाय डायनॅमोमीटर या जोर मोजणाऱ्या यंत्रावर ताकद, ठरलेलं अंतर चालायला लागणारा वेळ, खुर्चीतून उठून चालून परत बसणं, हे असतंच. बघायला सोपं वाटतं पण एफएसएचडीत हे मोजणं फार अवघड आहे, कारण हा आजार हळू जातो आणि एकसारखा जात नाही. डावा खांदा वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि उजवा पाय अचानक खाली येतो. एका वर्षात एका माणसात होणारा खरा बदल इतका लहान असतो की त्या दिवशी झोप कमी झाली, थंडी होती, मागच्या वेळेपेक्षा टेस्टची सवय झाली, एवढ्यानेही आकडा तितकाच हलतो. दोन्ही गट थोडे सुधारलेले दिसतात त्यात या सवयीचा वाटा असू शकतो.

म्हणून माझी एक कळकळीची विनंती, जाणार असाल तर. टेस्टच्या आधी आहात तशाच या. आदल्या दिवशी जोर लावून प्रॅक्टिस करू नका, ट्रायलच्या मधे नवीन व्यायाम, नवीन सप्लिमेंट चालू करू नका, आणि काही बदललंच तर लपवू नका, सांगा. लोकांना वाटतं चांगला परफॉर्मन्स दिला तर औषध पास होईल. होत नाही तसं, उलट तुम्ही प्लासिबो गटात असाल तर तुमच्या त्या जास्तीच्या जोरामुळे चांगलं औषधसुद्धा नापास दिसू शकतं. कोणत्या गटात आहोत हे ओळखायचा प्रयत्नही नका करू, आम्ही मोजणाऱ्यांनाही ते माहीत नसतं आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

एमआरआय मात्र मला जास्त बोलका वाटतो. कुठल्या स्नायूत चरबी किती भरली हे त्यात आकड्यात येतं, आणि एका खास प्रकारच्या स्कॅनमध्ये जे स्नायू चमकतात तिथे आजाराची धुसफुस चालू आहे असं मानतात. चरबी झालेला स्नायू परत येत नाही, ही आजची स्थिती आहे. त्यामुळे डीयूएक्स४ थांबवणाऱ्या औषधाकडून मुख्य अपेक्षा आहे ते पुढचं नुकसान थांबवण्याची, गेलेली ताकद परत आणण्याची नाही. हे डोक्यात ठेवूनच सही करा.

कातळ

माझं मत वेगळं आहे आणि ते पण इथे असायला हवं. मला बेकर म्हणजे दुसऱ्या प्रकारची मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, एफएसएचडी नाही, पण मोठ्यांच्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या ट्रायल मी खूप वर्षं बघतोय. २००८ मध्ये एमवायओ-०२९ चा निकाल आला होता, मायोस्टॅटिन (स्नायूची वाढ रोखणारं प्रोटीन) अडवणारी अँटीबॉडी, बेकर, एफएसएचडी आणि लिंब गर्डल या तीन डिस्ट्रॉफी मिळून ११६ मोठी माणसं होती त्यात, औषध एकंदरीत सोसलं पण ताकद काही वाढली नाही. मग एसीई-०८३ आलं, थेट स्नायूत इंजेक्शन, त्यात तर स्नायूचा आकार खरंच वाढला, एमआरआयवर दिसला, आणि तरी माणसाला काम जास्त करता येईना, २०१९ मध्ये एफएसएचडीसाठी ते बंद केलं. म्हणजे लॅबमध्ये दिसणं वेगळं, स्कॅनवर दिसणं वेगळं आणि जिना चढता येणं वेगळं.

आणि सेफ्टीचं पण बोला कोणीतरी. याच पद्धतीचं, अँटीबॉडीला सायआरएनए जोडलेलं औषध मायोटॉनिक डिस्ट्रॉफीसाठी तपासत होते, त्यात एका व्यक्तीला मेंदूत गंभीर त्रास झाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नवीन लोक घेणं थांबवलं होतं. नंतर टप्प्याटप्प्याने सूट दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बंदी पूर्ण उठली, पण त्या एका माणसाचं काय झालं असेल याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ताई, तुमच्या आईचं म्हणणं मला चूक वाटत नाही. आज चालताय, नोकरी, संसार करताय, मूल हवंय, तर ते आधी करा असं मी म्हणेन. मला स्वतःला दोनदा ट्रायलसाठी विचारलं, दोन्ही वेळा मी नाही म्हटलंय आणि मला त्याची खंत नाही.

रानवाट

कातळदादा, नाही म्हणायचा हक्क शंभर टक्के मान्य. पण एक जोडतो, मोठ्यांच्या ट्रायल नेहमी फेलच जातात असं नाही. पॉम्पे हा पण आनुवंशिक स्नायूंचा आजार, मोठेपणी सुरू होणारा त्याचा प्रकार आहे, त्याच्या एन्झाइमच्या औषधाची ट्रायल २०१० मध्ये छापून आली. ९० पेशंट, ७८ आठवडे, दोघांना औषध तर एकाला प्लासिबो असं वाटप. सहा मिनिटांत चालण्याचं अंतर औषधवाल्यांचं प्लासिबोपेक्षा साधारण २८ मीटर जास्त निघालं आणि श्वासाची क्षमता टिकली. २८ मीटर हा आकडा कुणाला छोटा वाटेल, पण बेडरूमपासून बाथरूमपर्यंत कोणाच्या आधाराशिवाय जाता येणं न येणं याच्यात असतं ते. आणि ते सिद्ध झालं त्या तीस एक लोकांमुळे जे दीड वर्ष प्लासिबोवर राहिले.

एमवायओ-०२९ आणि आत्ताच्या औषधात एक मूळ फरकही आहे. तेव्हा आजाराच्या कारणाला कोणी हात लावत नव्हतं, स्नायू मोठा करू बघत होते. एफएसएचडीचं कारणच मुळात २०१० मध्ये नीट सुटलं. चौथ्या क्रोमोसोमच्या टोकाला डी४झेड४ नावाचे तुकडे एकामागे एक असतात, बहुतेकांत ११ किंवा जास्त, आपल्यापैकी बहुतेकांत १० किंवा कमी. ते कमी झाले की तिथलं झाकण सैल होतं आणि डीयूएक्स४ जीन, जो गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत चालू असतो आणि नंतर कायमचा मिटायला हवा, तो स्नायूत अधूनमधून जागा होतो आणि पेशी मारतो. आता थेट त्याचाच निरोप तोडायचा प्रयत्न आहे. चालेलच असं मी म्हणत नाही. पण नेम आता बरोबर जागी आहे असं मला मनापासून वाटतं.

टिपणवही

ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय, म्हणून कागदांबद्दल लिहिते. मी प्रत्येकाला हेच सांगते.

सही केली म्हणजे बांधल्या गेलात असं अजिबात नाही. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारावर परिणाम होता कामा नये, हे जगभर मान्य असलेलं तत्त्व आहे, १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून पुढे ते पक्कं होत गेलं. फक्त एकदम गायब होऊ नका, औषध थांबवल्यावरही काही काळ रक्त तपासून घ्यावं लागतं, ते तुमच्याच भल्यासाठी. कातळ यांनी सांगितलेली घटना खरी आहे, आणि अशा वेळी थांबवता यावं म्हणूनच बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती अधूनमधून सगळा डेटा बघत असते, कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो हे गरज पडली तर त्यांना उघड करून बघता येतं. तुमच्या कागदात त्या समितीचा उल्लेख असेल, नसेल तर विचारा. हे औषध पेशीत शिरतं ते ज्या दारातून लोह आत जातं त्याच दाराने, म्हणून हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष देतात का हेही विचारा, आधीच रक्त कमी असेल तर आत्ताच तपासून घ्या.

बायोप्सी. आधीच्या पिढीच्या ट्रायलमध्ये ती बहुतेक सुईने घेत, भूल तिथल्या तिथे, आणि निघतो तो तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, ताकद कमी व्हावी इतका नाही. दुखतं काही दिवस, निळं पडतं. पण तुमच्या ट्रायलमध्ये ती सक्तीची आहे की ऐच्छिक, कुठल्या स्नायूतून, किती वेळा, हे स्पष्ट करून घ्या. डीयूएक्स४ फार थोड्या पेशींत आणि मधूनच चालू होतो, त्यामुळे तुकड्यात तो सापडेल न सापडेल असं असतं, म्हणूनच आता रक्तात दिसणाऱ्या खुणांवर जास्त काम चाललंय.

आणि मुलाचं. इथे मी अगदी स्पष्ट बोलते. गर्भनिरोधकाची अट शोभेची नसते, नवीन औषधाचा गर्भावर काय परिणाम होतो हे कोणालाच माहीत नसतं म्हणून असते, आणि शेवटच्या डोसनंतरही काही महिने ती चालू राहते. ते महिने किती ते कागदात शोधा आणि ट्रायलचा काळ अधिक एक्स्टेन्शन अधिक ते महिने अशी बेरीज करा. ती बेरीज तुम्हाला वयाच्या हिशोबाने परवडत नसेल तर ट्रायलला नाही म्हणा, डॉक्टर समजून घेतात, आणि ही शेवटची ट्रायल नसते. आणि हा आजार प्रत्येक मुलाला जायची शक्यता ५० टक्के असते हे तुम्हाला माहीत असेलच, तर त्यासाठी जेनेटिक काउन्सेलरला भेटणं हे ट्रायलपासून वेगळं काम समजून आत्ताच करा.

आईंना पुढच्या व्हिजिटला सोबत न्या. त्यांचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे. मी बघितलंय, घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त घाबरलेलं असतं त्याच्याच प्रश्नांतून कागदातल्या खऱ्या त्रुटी निघतात. ट्रायलमुळे काही त्रास झाला तर उपचार कोण करणार, खर्च कोणाचा, किती काळ, हे तोंडी नको, लेखी दाखवा म्हणा. ट्रायल मधेच बंद पडली तर काय, औषध चांगलं निघालं तर मंजुरी मिळेपर्यंत आम्हाला मिळत राहणार का, आणि माझा कोणत्या गटात होतो हा निकाल मला कधी सांगणार, हे पण.

चांदणवेल

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं, आणि आईला कातळदादांचं पण दाखवलं मुद्दाम, तिला बरं वाटलं की तिच्यासारखा विचार करणारं कोणीतरी आहे. बेरीज करून बघितली, मूल पुढे ढकललं तर मी चाळिशीच्या जवळ जाते. त्यामुळे मनाने मी बऱ्यापैकी ठरवलंय की आत्ता नको, आधी काउन्सेलरची अपॉइंटमेंट. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

पण भाऊ म्हणतोय मग माझं नाव दे. तो ४१ चा आहे, चालत नाही, हात अजून बरे आहेत. त्याला घेतील का?

रानवाट

निकषांवर अवलंबून आहे ताई. चालता येणं ही अट बऱ्याच ट्रायलमध्ये असते कारण चालण्याच्या टेस्ट असतात, पण हाताच्या पोचेवर आधारलेल्या ट्रायलमध्ये काही वेळा व्हीलचेअरवरचे लोकही घेतात. तुम्हीच अंदाज करून नाही म्हणू नका, थेट विचारू दे त्याला. जाताना त्याचा जेनेटिक रिपोर्ट न्यायला सांगा, नुसतं एफएसएचडी असं निदान नाही, डी४झेड४ चे किती तुकडे आणि ४क्यूए प्रकार (चौथ्या क्रोमोसोमच्या टोकाचा तो प्रकार, ज्याच्यावरच हा आजार होतो) आहे का हे लिहिलेला, कारण वडिलांचा किंवा तुमचा रिपोर्ट त्याच्या नावावर चालत नाही, आणि ती टेस्ट नव्याने करायची तर वेळ लागतो. अंगात पेसमेकर किंवा धातूचं काही असेल तर एमआरआयचं आधीच सांगा.

अनघा_फिजिओ

आणि नाही घेतलं तरी रजिस्ट्रीत, म्हणजे पेशंटच्या नोंदणी यादीत नाव आणि औषध न देता नुसती मोजमापं घेणारा अभ्यास, हे दोन्ही बघा, तुम्हा दोघांसाठी. चालू न शकणाऱ्या लोकांची वर्षागणिक मोजमापं आमच्याकडे फारच कमी आहेत, आणि ती नाहीत म्हणूनच पुढच्या ट्रायलमध्ये त्यांना घ्यायला लोक कचरतात. त्या अभ्यासात सहसा गर्भनिरोधकाची अट नसते, त्यामुळे तुम्हालाही मधला काळ वाया गेल्यासारखा राहणार नाही. फक्त प्रेग्नन्सीत मोजमापं थांबवायची की चालू ठेवायची ते आधी विचारून घ्या.